घरी राहणारी माणसं : मावळातली आणि आपल्यातली



मराठीत घरी राहणाऱ्या माणसासाठी एकही धड शब्द नाही. घरकोंबडा म्हणतात, घरबशा म्हणतात. बाई असली तर तिला दोन्हीकडून ऐकावं लागतं. जास्त फिरली तर पायाला भिंगरी, नाही फिरली तर घरकोंबडी. आमच्या घरात माझी धाकटी लेक अशी आहे. बावीस वर्षांची, हुशार, हसरी, पण सुट्टीच्या दिवशी तिला पुस्तक, स्वयंपाकघर आणि खिडकी एवढं पुरतं. नातेवाईक विचारतात, "हिला काही होतंय का? चार लोकांत मिसळत नाही, उद्या सासरी कसं व्हायचं?" त्या प्रश्नामुळे मी आमच्या भोर-वेल्ह्याच्या इतिहासाकडे आणि आपल्या शास्त्राकडे जरा वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागले. त्यात जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

माझं सासर भोरचं. वेल्हे शेजारीच. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायला मंजुरी दिली, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून वेल्हंच. हा सगळा मावळ म्हणजे डोंगर, खोरी आणि पाऊस. रोहिडखोरं, हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंडखोरं, कानदखोरं. एकेक खोरं म्हणजे एकेक घरच म्हणा ना. तीन बाजूंनी डोंगर, मधून नदी, आणि आत आपली माणसं. पूर्वी आषाढात ओढे भरले की या खोऱ्यातला माणूस त्या खोऱ्यात जाऊ शकत नसे. घरात भात, नाचणी, वरई, डाळी, मीठ, तेल, वाळलेली लाकडं, गोवऱ्या असं सगळं आधीच भरून ठेवायचं. याला आपल्याकडे बेगमी म्हणतात. भातलावणीला इरलं घेऊन शेतात जायचं आणि अंधार पडायच्या आत चुलीपाशी यायचं. पावसाळ्यात घरी राहणं हा तिथे कुणाचा स्वभाव नव्हता, ती ऋतूची रीत होती.

ही रीत फक्त शेतकऱ्यांची नव्हती. शिवाजी महाराजांच्या फौजेची घडी कशी होती ते सभासद बखरीत दिलं आहे. पावसाळा आला की लष्करानं आपल्या मुलुखात छावणीला यायचं. घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधं, राहायला गवतानं शाकारलेली घरं, सगळी तयारी आधीच करून ठेवलेली असायची. दसरा झाला की सीमोल्लंघन, मग आठ महिने बाहेर मुलूखगिरी. म्हणजे ज्यांच्या घोडदौडीच्या गोष्टी सांगून आपण मुलांना झोपवतो, ते वर्षाचे चार महिने घर धरून असायचे. त्यांना कुणी घरकोंबडा म्हटलं नाही!

त्या काळचं महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. ते वाचताना मला नेहमी वाटतं की हे एखाद्या जाणत्या गृहिणीनंच लिहिलं असावं. दाणा-वैरण आत्ताच उधळून टाकलीत तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुळंब्यांच्या घरून धान्य, भाजी ओढून आणाल आणि रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे. पुढे तर असंही बजावलं आहे की रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. घरी राहायचं तर घर नीट चालवावं लागतं, हा त्यातला मुद्दा. आधी बेगमी, मग जपून खर्च, आणि शेजाऱ्याला आपल्या राहण्याचा त्रास नको.

आता आपल्या चातुर्मासाकडे या. आषाढी चौदस-पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आपले साधू-साध्वी एका गावी थांबतात. एरवी आज इथे, उद्या तिथे, पायी विहार. ज्यांनी घर कायमचं सोडलं त्यांनाही चार महिने एका छपराखाली राहायला शास्त्रानं सांगितलं, कारण पावसात पायाखाली जीव असतात. गवताचं प्रत्येक पातं, चिखलातली प्रत्येक गांडूळ. पाऊल कमी, तर हिंसा कमी. फौज थांबायची ती चिखलामुळे, मुनी थांबतात ते करुणेमुळे. पण एकाच पावसात दोघंही एकाच वेळी थांबायचे, हे मला फार विलक्षण वाटतं.

आपल्या पुणे जिल्ह्यात या थांबण्याची खूण दगडात आहे. मावळ तालुक्यात कामशेतजवळ पाले नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगरात एका लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्याची सुरुवात अरिहंतांना नमस्कारानं होते, आपल्या नवकार मंत्रासारखी, म्हणून अभ्यासकांनी तो जैन मानला. त्यात इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी लेणं आणि पोढी करवल्याचं लिहिलं आहे. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. डोक्यावर छप्पर आणि प्यायला पाणी. थांबायचं तर एवढंच लागतं, आणि एवढं मात्र लागतंच. बाकी सगळं आपण मागाहून जोडलेलं.

साधूंचं झालं. आपल्या, म्हणजे श्रावक-श्राविकांच्या व्रतांतही घरी राहण्याचं एक व्रत आहे आणि आपण त्याकडे फार कमी लक्ष देतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांच्या मागोमाग दिग्व्रत आणि देशव्रत येतात. श्वेतांबर आणि दिगंबर परंपरेत गणती थोडी मागेपुढे आहे, पण दोन्हींत ही व्रतं आहेत. दिग्व्रत म्हणजे सगळ्या दिशांना किती दूर जायचं याची जन्मभराची मर्यादा. देशव्रत किंवा देशावकाशिक म्हणजे त्या मर्यादेच्या आत आणखी लहान मर्यादा, ठरावीक काळासाठी. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगितलं आहे की मर्यादा ठरवताना सगळ्यांना माहीत असलेल्या खुणा घ्याव्यात, समुद्र, नदी, अरण्य, डोंगर. लहान व्रताला घर, गाव, शेत चालतं. मुदतही आपल्या सोयीनं, वर्ष, चार महिने, महिना, पंधरवडा.

आमच्या भोरच्या बाईला हे व्रत किती सोपं! पश्चिमेला वरंध घाट, पूर्वेला कापूरहोळ, उत्तरेला राजगड आणि दक्षिणेला मांढरदेवीचा डोंगर. नकाशाची गरजच नाही, मान वर केली की सीमा दिसते.

पण मैत्रिणींनो, याच अध्यायात देशव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. ते वाचलेत तर हसू येईल आणि थोडं लागेलही. आनयन, म्हणजे स्वतः जायचं नाही पण सीमेबाहेरची वस्तू आणवायची. प्रेष्यप्रयोग, म्हणजे आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवायचं. शब्दानुपात, म्हणजे खाकरून, हाक मारून बाहेरच्याचं लक्ष वेधायचं. रूपानुपात, म्हणजे स्वतःला दाखवून खुणावायचं. पुद्गलक्षेप, म्हणजे खडा फेकून काम साधायचं. दीड हजार वर्षांहून जुन्या ग्रंथानं आपला मोबाइल ओळखला होता असं वाटतं! मी घरीच आहे हो, मला कुठे जायचं नसतं, असं म्हणत सोफ्यावर बसून दिवसाला तीन पार्सलं मागवायची. भर पावसात कुणाचा तरी मुलगा दुचाकीवर भिजत आपली वस्तू आणतो. पाय आपले थांबले, गरजा मात्र धावत राहिल्या. शास्त्राच्या हिशेबी हे घरी राहणं नव्हे. बाहेर फिरणाराच राहतो, फक्त पाय दुसऱ्याचे.

म्हणून घरी राहणं ही आपोआप पुण्याची गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही. आणि दुसरी बाजू तर याहून जड आहे. इतिहासात घरी राहणाऱ्या किती जणींना तसं राहायचं होतं?

१६६६ साली आग्र्याला महाराज औरंगजेबाच्या पहाऱ्यात होते. राहायला जागा होती, अन्न होतं, नोकरचाकर होते. पण दार दुसऱ्याच्या हातात होतं. १७ ऑगस्टला ते तिथून निसटले आणि पुढे राजगडावर परत आले. राजगड हेही चार भिंतींचंच ठिकाण. पंचवीसेक वर्षं तिथे राजधानी होती. आधीच्या वर्षी पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले दिले, पण राखलेल्या बारांमध्ये राजगड आणि तोरणा होते. आग्र्यात आणि राजगडात भिंतींचा फरक नव्हता, फरक कडी कुणी लावायची याचा होता.

त्याच राजगडावर ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई गेल्या. लग्न पुण्याला, संभाजीराजांचा जन्म पुरंदरावर, मृत्यू राजगडावर, समाधी पायथ्याशी पाल खुर्दला. लग्नानंतरचं बहुतेक आयुष्य पुण्यापासून राजगडापर्यंतच्या पट्ट्यात. त्यांच्या आजारपणात बाळाला दूध पाजायला आमच्या भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे गेल्या. एक बाई घर सोडून गेली तेव्हा दुसरीचं घर सावरलं. पोवाडे ऐकताना आपण अफजलखान ऐकतो. तो वध झाला नोव्हेंबरात, सईबाई गेल्यानंतर दोन महिन्यांनी. ज्या घरातून माणूस लढाईला निघतो ते घर त्या वेळी कसं होतं, याचाही कधीतरी विचार करावा.

त्याच वर्षी कारीच्या कान्होजी जेध्यांपुढे पेच पडला होता. कारी भोर तालुक्यातच. आदिलशहाचं फर्मान आलं होतं, खानाला मिळा, नाहीतर वतन जाईल. वतन म्हणजे पिढ्यान्पिढ्यांचं घर. कान्होजींनी पाच मुलांसह महाराजांसमोर येऊन वतनावर पाणी सोडलं. घराची ओढ असणं आणि वेळ आली तर घर सोडता येणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात हे मला त्यांच्याकडून कळलं.

ज्यांना घरीच राहायचं होतं आणि राहू दिलं गेलं नाही, असेही आमच्याकडे खूप. वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण झालं, पुढे पानशेत, नीरा देवघर, गुंजवणी. पुण्याला आणि खालच्या भागाला पाणी मिळालं, ऊस उभा राहिला. वरच्या गावांची घरं पाण्यात गेली. भाटघरच्या पाण्यात कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ आहे. वर्षाचा बहुतेक काळ ते पाण्याखाली असतं, उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरलं की उघडं पडतं आणि लोक दर्शनाला जातात. माणसं वर सरकली, देव घर धरून बसला. ज्यांच्या आजी-आजोबांचा उंबरठा त्या पाण्याखाली आहे त्यांना घरकोंबडा हा शब्द थट्टेचा वाटत नसणार.

आणि आपल्या समाजातल्या बायका? नवरा गेला की बाईनं महिनोन्महिने घराच्या कोपऱ्यात बसायचं, ही रीत आपल्या कितीतरी घरांत होती. त्याला कुणी व्रत म्हणू नये. व्रत घ्यायचं असतं, लादायचं नसतं. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद यांची कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना कोपऱ्यात न बसवता शिकवलं. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्राविकाश्रम उभा केला, आपल्यासारख्याच बायकांना शिकता यावं म्हणून. सोलापूरला पंडिता सुमतीबाई शहांनी तेच काम आयुष्यभर केलं, त्यांना पद्मश्री मिळाली. या दोघी बाहेर पडल्या म्हणून आज मी इथे बसून लिहिते आणि तुम्ही वाचता. घरी राहण्याचं कौतुक करताना हे ऋण विसरून चालणार नाही.

आता माझ्या सासूबाईंविषयी सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. लग्न होऊन भोरला आल्यावर जवळजवळ चाळीस वर्षं त्या बाजारपेठ, स्थानक आणि घर एवढ्यातच राहिल्या. राजगड गाडीनं तासाभरावर, पण त्यांनी पायथासुद्धा पाहिला नव्हता. कुणी चला म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "मला घरीच बरं." आम्ही सगळे म्हणायचो, आईंचा स्वभावच तसा. एकदा लेकीच्या विषयावरून बोलणं निघालं आणि मी त्यांना सरळच विचारलं, "आई, तुम्हाला खरंच घरी राहायला आवडतं?"

त्या भाजी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा कुणी विचारलं नाही. मग सवय झाली. मग आवडायला लागलं. आता तूच सांग, हे आवडणं माझं की त्यांचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनीच एका चातुर्मासाची गोष्ट सांगितली. गावात साध्वीजींचा चातुर्मास होता. सासूबाई बारा व्रतं घ्यायला गेल्या. दिग्व्रताची वेळ आली तेव्हा साध्वीजींनी विचारलं, "पूर्वेला कुठवर जायचं ठेवताय?" सासूबाई म्हणाल्या, "साठीला टेकले होते गं मी. तुला कुठवर जायचंय, असं त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं." आणि भोरच्या पेठेपलीकडे न गेलेल्या या बाईनं पूर्वेला सम्मेदशिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ आणि उत्तरेला हस्तिनापूर अशी मर्यादा घेतली! घरचे हसले, "व्रत घेतलं की विमानाचं तिकीट?" त्यानंतर त्या शिखरजीला एकदा जाऊन आल्या. बाकी दिवस पुन्हा घरीच. मी म्हटलं, मग फरक काय पडला? म्हणाल्या, "आधी मला जाता येत नव्हतं. आता मी जात नाही."

एवढं एकच वाक्य, पण मर्यादा या शब्दाचा अर्थ मला त्यात कळला. मर्यादा घालण्यासाठी आधी मोकळं मैदान असावं लागतं. ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं त्याग कशाचा करायचा?

उपासकदशांगातला आनंद श्रावक आठवा. वाणिज्यग्रामाचा मोठा धनिक. बारा कोटी सुवर्ण, दहा-दहा हजार गाईंचे चार गोठे, पाचशे नांगरांची शेती. महावीरस्वामींकडून व्रतं घेऊन घरी आला आणि पत्नी शिवानंदेला म्हणाला, तूही जा. ती रथ जोडून स्वतः प्रभूंकडे गेली आणि तिनं स्वतः व्रतं घेतली. नवऱ्यानं घेतली म्हणून बायकोला लागू झाली, असं झालं नाही. पुढे चौदा वर्षं व्रतं पाळून आनंदानं कारभार थोरल्या मुलाकडे सोपवला आणि तो पौषधशाळेत एकटा राहू लागला. एका जागी बसलेल्या या गृहस्थाला अवधिज्ञान झालं. तीन दिशांना लवणसमुद्रात पाचशे योजनं, उत्तरेला हिमवंतापर्यंत त्याला दिसू लागलं. गौतमस्वामींना खरं वाटेना, गृहस्थाला इतकं दूरचं कसं दिसेल? ते आनंदाला म्हणाले, प्रायश्चित्त घे. आनंदानं नम्रपणे विचारलं, खरं बोलल्याचं प्रायश्चित्त असतं का? गौतमस्वामींनी प्रभूंना विचारलं. प्रभू म्हणाले, आनंद खरं सांगतो आहे, क्षमा तू माग. आणि गणधर गौतम परत जाऊन एका श्रावकाची क्षमा मागून आले. बसलेल्याला काय दिसतं, याचा निवाडा बाहेरून करू नये. गौतमस्वामींनासुद्धा तो करता आला नाही, तिथे आपले नातेवाईक कोण?

लेकीच्या बाबतीत मी आता एवढंच ठरवलं आहे. तिला चला-चला करून ओढायचं नाही आणि बरंय, घरात मदत होते म्हणून तिचं घरी राहणं सोयीचंही करून घ्यायचं नाही. हा दुसरा मोह आपल्याला जास्त होतो, मान्य करा. पैसे, गाडी चालवणं, एकटीनं प्रवास, हे सगळं तिला यायला हवं. दार उघडं असलं पाहिजे आणि त्याची किल्ली तिच्या हातात. मग ती खिडकीत बसली तर ते तिचं देशव्रत, तिनं नाव दिलं तर.

या चातुर्मासात तुम्हालाही एक सुचवते. देशावकाशिक एक दिवसाचंसुद्धा घेता येतं. आज या घराबाहेर जाणार नाही, असं ठरवा आणि त्या दिवशी काही मागवू नका, कुणाला पिटाळू नका. बेगमी आदल्या दिवशी. आणि व्रत घेण्याआधी घरातल्या सुनेला, लेकीला, सासूला, कामाला येणाऱ्या मावशींनाही एक प्रश्न विचारा. तुला कुठवर जायचंय? उत्तर ऐकायला थोडा वेळ हाताशी ठेवा. काही जणींना हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकायला मिळेल.

जय जिनेंद्र.